उतारवयातील सोबतीची बाहुली : निवड आणि वजनाचा हिशेब

भंडारा शहरातून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागते. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरचे हे गाव. नागपूर येथून सुमारे ६० किलोमीटर. अशा गावांतली तरुण पिढी नोकरीसाठी नागपूर, पुणे, मुंबई गाठते आणि मागे राहिलेल्या घरांत आई-वडील थकत जातात. त्यांच्यापैकी काहींची स्मृती शरीराच्या आधी थकते. ऐंशीच्या घरातली आई एके दिवशी उशी छातीशी धरून बसते, बाळ उपाशी आहे म्हणते आणि तिन्हीसांजेला त्याला शोधायला दार उघडून निघते. शहरातल्या मुलाला फोनवर हे कळते. कुणीतरी सुचवते की तिला एखादी बाहुली आणून द्यावी. मग मुलगा संगणकावर बाहुल्या पाहू लागतो. त्यांत चाळीस रुपयांपासून चाळीस हजारांपर्यंत आणि मुठीएवढ्या हलक्या बाहुलीपासून खऱ्या बाळाएवढ्या जड बाहुलीपर्यंत सारे काही असते. नेमके काय घ्यावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया हा वृद्धत्वाचा नेहमीचा भाग नसून मेंदूच्या आजारांमुळे होणारा लक्षणसमूह आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील ६० वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. बाहुलीचा प्रश्न म्हणूनच केवळ महानगरांतील वृद्धाश्रमांचा राहत नाही. तो कारध्यासारख्या गावांतील ओसरीपर्यंत येऊन पोचतो.

बाहुली कशासाठी?

पाश्चात्त्य देशांतील शुश्रूषागृहांत बाहुलीचा असा उपयोग अनेक वर्षांपासून केला जातो. त्यामागील विचार ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७-१९९०) यांच्या जिव्हाळ्याच्या बंधाविषयीच्या सिद्धान्तावर आधारलेला आहे. भय वाटले की लहान मूल आईला बिलगते. स्मृतिभ्रंशातही जग अनोळखी होत जाते आणि माणूस आधार शोधू लागतो, असे नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ बेरे मीसेन यांनी मांडले. आजार वाढला की अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या अधिक काळ टिकतात. ज्या हातांनी चार-पाच मुले वाढवली, त्या हातांना बाळ कसे धरावे हे नाव-गाव विसरल्यानंतरही आठवते. त्या हातांना काम मिळाले की येरझाऱ्या, रडणे, कपडे ओढणे यांसारखी अस्वस्थता काहींच्या बाबतीत कमी होते आणि बोलणे वाढते.

या विषयावरील संशोधन अजून मोजके आहे. बहुतेक अभ्यास थोड्या रुग्णांवर झालेले आहेत. बाहुलीने आजार बरा होत नाही, त्याची गतीही मंदावत नाही. दिवसाचे काही तास शांततेत जावेत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा ठेवावी.

त्यापूर्वी डॉक्टरांकडे जाणे अगत्याचे आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे यांमुळेही विस्मरण भासते आणि त्यावर उपचार होऊ शकतात. कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखी वागू लागली, तर लघवीचा संसर्ग किंवा औषधांचा दुष्परिणाम असू शकतो. अशा वेळी बाहुली शोधण्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

निवड कशी करावी?

पहिली कसोटी चेहऱ्याची. बाहुली ओळखू येईल इतपत बाळासारखी असावी, पण हुबेहूब असलीच पाहिजे असे नाही. आडवे केल्यावर मिटणारे आणि उभे धरल्यावर उघडणारे डोळे सोयीचे असतात. कायम मिटलेले डोळे पाहून काहींना बाळ आजारी आहे किंवा गेले आहे असे वाटते. रडण्याचा आवाज करणारी बाहुली टाळावी. रडे थांबवता आले नाही की अस्वस्थता वाढते. डोके घट्ट आणि अंग कापडी असेल तर ती कुशीत नीट बसते.

दुसरी कसोटी सुरक्षिततेची. स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यात वस्तू तोंडात घालण्याची सवय लागू शकते. म्हणून सुटी बटणे, मणी, निघणारे बूट, लांब नाड्या नकोत. १४ वर्षांखालील मुलांसाठी भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. साधी बाहुली घेताना ते पाहावे. संग्राहकांसाठी बनवलेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या बाहुल्या खेळणी म्हणून विकल्या जात नाहीत. त्यांच्या अंगात काचेचे बारीक मणी भरलेले असतात. शिवण उसवली तर ते बाहेर येतात.

तिसरी कसोटी धुण्याची. लाळ, दूध, वरणभात हे सारे बाहुलीला लागणारच. धुता येणारी बाहुली घ्यावी आणि शक्य असल्यास सारख्या दोन घ्याव्यात. एक वाळत असताना दुसरी हाताशी राहते आणि बाळ कुठे गेले ही शोधाशोध टळते.

वजनाचा हिशेब

निवडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग वजनाचा आहे. छायाचित्रात चेहरा दिसतो, वजन दिसत नाही. पोकळ प्लॅस्टिकची बाहुली दोन-तीनशे ग्रॅमची असते. ती हातात घेतल्यावर बाळ धरल्याची जाणीव होत नाही, आणि पुष्कळदा ती खेळणे म्हणून बाजूला टाकली जाते. दुसऱ्या टोकाला सिलिकॉनच्या अखंड बाहुल्या आहेत. त्यांचे वजन तीन किलो किंवा त्याहून अधिक भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे नवजात बाळ कमी वजनाचे मानले जाते. म्हणजे या बाहुल्या पूर्ण दिवसांच्या बाळाएवढ्या जड असतात. जपानी अभियंते ताकानोरी शिबाता यांनी घडवलेला 'पारो' हा सीलच्या पिलाच्या रूपातला यंत्रमानव स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी अनेक देशांत वापरला जातो. त्याचे वजनही सुमारे २.७ किलो आहे. पण तो मुख्यतः मांडीवर किंवा टेबलावर ठेवून कुरवाळण्यासाठी आहे. बाहुली मात्र उचलली जाते, खांद्यावर घेतली जाते, घरभर फिरवली जाते.

पंचवीस वर्षांच्या आईला जे वजन जाणवत नाही, ते ऐंशीच्या वयात मनगट, खांदा आणि कमरेवर येते. या वयात अनेक स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात. दुसरा धोका तोलाचा. एका हातात बाहुली असली की काठी, वॉकर किंवा भिंतीचा आधार सुटतो. न्हाणीघराचा उंबरठा ओलांडताना बाळ पडेल म्हणून आजी स्वतःचा तोल सोडते, पण बाळ सोडत नाही. या वयातले खुब्याचे हाड मोडणे म्हणजे बहुधा शस्त्रक्रिया आणि पुष्कळ वेळा कायमचे अंथरूण.

चालत्या-फिरत्या व्यक्तीसाठी पाऊण ते सव्वा किलोची बाहुली सर्वसाधारणपणे सोयीची ठरते. कृश, संधिवाताने ग्रासलेल्या किंवा पक्षाघात झालेल्या व्यक्तीला अर्धा किलोही पुरे. दिवसभर खुर्चीत किंवा अंथरुणात असणाऱ्या आणि हातात बळ असलेल्या व्यक्तीला दीड किलोपर्यंत चालू शकते. खरेदीपूर्वी घरच्या घरी चाचणी करता येते. एक लिटर पाणी भरलेली बाटली दुपट्यात गुंडाळली की सुमारे एक किलोचे गाठोडे होते. ते हाती देऊन दहा मिनिटे पाहावे. खांदा उतरतो का, हात बदलावा लागतो का, उठताना गाठोडे खाली ठेवले जाते का, यावरून अंदाज येतो. जड वाटल्यास अर्ध्या लिटरच्या बाटलीने पुन्हा पाहावे.

वजन कोठे आहे हेही महत्त्वाचे. भार डोक्यात आणि बुडाशी असला की बाहुली कोपराच्या खळगीत बाळासारखी विसावते. सारा भार पोटात असेल तर ती घसरते आणि धरणाऱ्याचे मनगट दुखते.

बाहुली जड असेलच तर तिची व्यवस्था बदलावी. हातांच्या खुर्चीत बसवून कोपराखाली उशी दिली की भार खांद्यावर न येता उशीवर येतो. खाटेशेजारी कमरेच्या उंचीवर टोपली किंवा छोटा पाळणा ठेवावा, म्हणजे वाकून उचलावे लागत नाही. जमिनीवर टांगलेली झोळी टाळावी. चालताना बाहुली वॉकरला बांधलेल्या पिशवीत किंवा सोबतच्या माणसाच्या हाती असावी.

घरी शिवलेली बाहुली

महागडी बाहुली घेतलीच पाहिजे असे नाही. चिंध्यांची बाहुली विदर्भातल्या जुन्या पिढीच्या परिचयाची आहे. भुलाबाईची गाणी म्हणत आणि बाहुला-बाहुलीचे लग्न लावत वाढलेल्या हातांना कापडाचा स्पर्श ओळखीचा असतो. मऊ पडलेल्या सुती लुगड्याचे अंग शिवून त्यात कापूस भरावा. वजनासाठी धुऊन कडक वाळवलेली वाळू जाड कापडाच्या दोन लहान पिशव्यांत दुहेरी शिवणीने बंद करावी. एक डोक्याच्या मागील बाजूस आणि दुसरी बुडाशी ठेवावी. तांदूळ किंवा बाजरी भरू नये. ओल लागली की बुरशी धरते, किडे आणि उंदीर येतात. पिशव्या काढता येतील अशी सोय ठेवली तर बाहुली धुता येते आणि शक्ती घटत जाईल तसे वजनही कमी करता येते. झबले, टोपरे, दुपटे घरच्या पद्धतीचे असले तर ओळख लवकर पटते. अनेकदा अंगाईही आपोआप ओठांवर येते.

देताना आणि दिल्यानंतर

बाहुली हातात कोंबू नये. ती जवळच्या खुर्चीवर ठेवावी आणि व्यक्ती स्वतः हात पुढे करते का ते पाहावे. दुर्लक्ष झाले तर तो नकार समजावा. ती ज्या शब्दाने हाक मारील तोच शब्द घरच्यांनी वापरावा. बाळ म्हटले तर बाळ, बाहुली म्हटले तर बाहुली. 'अगं, ही खोटी आहे' असे सांगून काही साधत नाही. आंघोळ-जेवणासाठी बाहुली हिसकावू नये, 'थोडा वेळ मी धरू का?' असे विचारावे. बाहुली उलटी टांगणे, पायांनी धरून उचलणे यांसारखी साधी कृतीही त्या डोळ्यांना क्रूर दिसते. पुरुषांनाही बाहुलीचा आधार वाटू शकतो. नातवंडे खेळवलेल्या आजोबांना वगळण्याचे कारण नाही.

बाळाचे पोट भरल्याशिवाय आई जेवेनाशी झाली, रात्रभर जागू लागली, बाळ आजारी आहे म्हणून रडू लागली, तर बाहुली हळूहळू दृष्टीआड करावी आणि डॉक्टरांशी बोलावे. मूल गमावल्याचे दुःख आयुष्यात असेल तर ती देण्याआधी दोनदा विचार करावा.

यावर एक गंभीर आक्षेपही घेतला जातो. प्रौढ माणसाला खेळणे देणे म्हणजे त्याला लहान मूल समजणे नव्हे काय? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी १९९७ मधील ग्रंथात स्मृतिभ्रंशग्रस्तांना मुलासारखे वागवण्यावर कठोर टीका केली होती. ती टीका मोलाची आहे. बाहुली जवळ ठेवून घरचे निघून गेले, तर ती माणसाची जागा घेते आणि अपमान ठरते. तिच्या निमित्ताने कोणी शेजारी बसले, जुन्या बाळंतपणांच्या गोष्टी निघाल्या, तर तीच बाहुली संवादाचे साधन होते. शेजारी-पाजारी हसतील या भीतीने ती लपवून ठेवण्यापेक्षा त्यांना दोन शब्दांत कारण सांगणे बरे.

शहरातून पार्सल पाठवणाऱ्या मुलाने म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी एकदा पूल ओलांडून घरी यावे. आईच्या हाती पाण्याच्या बाटलीचे गाठोडे द्यावे आणि तिच्या शेजारी बसावे. किती वजन पेलते, हे तिचे हातच सांगतील.

मदतीसाठी : ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय हेल्पलाईन 'एल्डरलाईन' १४५६७. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 'टेली-मानस' १४४१६. दोन्ही सेवा निःशुल्क आहेत. भंडारा जिल्ह्यातील रुग्णांना जिल्हा सामान्य रुग्णालयात प्राथमिक तपासणी करून घेता येते.