पाचशे सत्त्याऐंशीची कुळकथा

शहीद आष्टीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून ईमेल जाते, तशीच ती वर्ध्याच्या कॉलेजातल्या वायफायवरून आणि नागपूरला भावाकडच्या ब्रॉडबँडवरून जाते. लाइन बदलली तरी लॅपटॉपमधलं काहीच बदलावं लागत नाही. हे ज्यामुळे साधलं तो आकडा मेलच्या सेटिंगमध्ये ‘आउटगोइंग सर्व्हर’खाली दिसतो: ५८७.

ईमेल पाठवण्याची रीत, एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहून काढली. पाठवणारं यंत्र ‘हेलो’ म्हणून आपलं नाव सांगतं, मग पत्र कुणाकडून, कुणाला ते; मग मजकूर. शेवटी एका ओळीत नुसतं टिंब दिलं की पत्र संपलं. ‘तू तोच कशावरून?’ हा प्रश्न यात कुठेच नाही. जाळ्यावर तेव्हा होती ती मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधनसंस्था, आणि त्यांची यंत्रं जागची हलत नव्हती. कुणाचंही पत्र कुठलाही सर्व्हर पुढे पाठवायचा. तो शेजारधर्मच होता.

या शेजारधर्मावर जाहिरातवाले तुटून पडले. नव्वदच्या दशकात स्पॅम इतकं वाढलं की सर्व्हरांनी दारं लावून घेतली: आपल्या लाइनवरचं पत्र घ्यायचं, बाकीच्यांना नकार. सेंडमेल या मेल सर्व्हर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या १९९८च्या ८.९ आवृत्तीत हा नकार मुळातच बसवलेला होता. विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ला, म्हणजे आपण आलो ते ऐन या धामधुमीत. पत्ता एका कंपनीचा आणि लाइन दुसरीची असली की पत्रं यायची, पण जायची नाहीत. पुढे कित्येक कंपन्यांनी बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे पत्रं ज्या दारातून जायची ते दारच, बंद केलं.

वाट काढली रँडल गेलन्स आणि जॉन क्लेन्सिन यांनी, डिसेंबर १९९८मध्ये. पेटीत पत्र टाकणं वेगळं आणि एका पोस्टातून दुसऱ्यात थैली नेणं वेगळं, हे त्यांनी ओळखलं. थैल्यांसाठी २५ ठेवलं, पत्र टाकणाऱ्यांसाठी ५८७ काढलं. मार्च १९९९मध्ये जॉन मायर्स यांनी नाव-पासवर्ड विचारायची रीत घालून दिली. मला मायर्स यांचं काम अधिक मोलाचं वाटतं. नुसत्या नव्या दारानं माणूस ओळखू येत नाही. पासवर्डमुळे लाइन कुणाचीही असली तरी पत्र आपल्या नावावर जाऊ लागलं. शिक्षणासाठी भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या गावाकडच्या पोरांना याचा केवढा आधार झाला!

जानेवारी २०१८पासून ४६५ या पोर्टालाही रीतसर मान्यता आहे. तिथे सगळं बोलणं पहिल्यापासूनच कुलुपबंद चालतं. म्हणून आउटबॉक्समध्ये पत्र अडकलं तर आधी सेटिंगमधला पोर्टाचा आकडा बघावा. २५ असेल तर बदलून ५८७ किंवा ४६५ करावा, आणि पासवर्डाची खूण चालू आहे ना, तेही पाहावं.