रोज एक चित्र?

दोनेक महिन्यांपूर्वी पुण्याहून नातीचा फोन आला. ती डिझायनर आहे. म्हणजे नेमकं काय करते ते मला अजून पुरतं कळलेलं नाही, पण मोबाईलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं हे ठरवायचा तिला पगार मिळतो, एवढं समजलंय. म्हणाली, "आजी, आज ऑफिसात माइंडफुलनेसचं शिबिर होतं. समोर जे घडतंय ते सजगपणे बघायचं, त्यातूनच चांगलं डिझाइन होतं म्हणे."

मी म्हटलं, "अगं, मग आपल्या त्र्यंबकच्या माणसानं १९१२ साली वाटाण्याच्या कुंडीसमोर बसून दुसरं काय केलं?"

मग अर्थातच गोष्ट सांगावी लागली. मास्तरकीची सवय! ती इथेही सांगते, कारण सांगता सांगता माझीच एक चूक उघडी पडली.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, मग छपाईचा धंदा, असं सगळं करून झालं. छपाईसाठी १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पुढे भागीदारीत बिनसलं आणि चाळिशीतला हा गृहस्थ रिकाम्या हातांनी घरी बसला. त्याच सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर आणायचे, या ध्यासानं त्यांना झपाटलं. रात्रंदिवस चित्रफिती बघून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासंच झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तंत्र शिकून घेतलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेण्याचं ठरवलं आणि एप्रिलमध्ये परतले.

कॅमेरा मिळाला, पण चित्रपटाला पैसा हवा. ज्यानं आजवर एकही चित्रपट काढलेला नाही, त्याला कर्ज कोण देणार? तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. बी फुटलं, अंकुर वर आला, वेल चढू लागला. महिनाभराहून जास्त दिवस ते थांबून थांबून एकेक चित्र घेत गेले. ही फीत पडद्यावर सलग चालवली तेव्हा महिन्याची वाढ बघता बघता डोळ्यांसमोर झाली. तिचं नाव 'अंकुराची वाढ'. काही निवडक मंडळींना त्यांनी ती दाखवली, आणि त्यातूनच भांडवलाची वाट मोकळी झाली. जगात हा प्रयोग पहिला नव्हता. इंग्लंडात पर्सी स्मिथ यांनी फुलं उमलतानाची फिल्म १९१० मध्येच केली होती. पण आपल्याकडे हे सगळं नवीनच होतं.

आता माझी चूक. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत असे. आठवीच्या वर्गात ही गोष्ट दरवर्षी ठरलेली. "फाळक्यांनी महिनाभर रोज एक चित्र घेतलं आणि मिनिटाभराची फिल्म झाली. तेव्हा मुलांनो, रोज थोडं थोडं करा!" असा उपदेशही शेवटी ठरलेला.

नात फोनवर म्हणाली, "आजी, हिशेब जमत नाही गं."

मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं पडद्यावरून सरकत. रोज एक म्हणजे महिन्याला ३० चित्रं. ती दोन सेकंदांत संपणार! मिनिटाभराच्या फिल्मला लागतात ९६०. तिला ३० नं भागलं तर दिवसाला ३२. उजेडाचे बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांना एक चित्र.

मी गप्पच झाले. 'रोज एक चित्र' आणि 'मिनिटाभराची फिल्म' ही दोन वाक्यं लेखांमधून शेजारी शेजारी नांदतात, मीही इतकी वर्षं ती एका दमात सांगितली, पण भागाकार करून बघितला नाही. एकेक चित्र अनेकदा छापून फिल्म लांबवता येते म्हणा, पण मग वेल हिसके देत वाढणार. मला तर वाटतं, 'रोज एक' हे गोष्ट सोपी करण्यासाठी कुणीतरी घातलेलं असावं. फिल्म खरंच मिनिटाभराची असेल, तर तो माणूस दिवसभर त्या कुंडीला बांधलेला असणार. आणि कशासाठी? डोळे नुकतेच जाता जाता वाचलेले, धंदा बुडालेला, पदरात मुलं!

सरस्वतीबाईंना विसरून तर चालणारच नाही. चित्रपटासाठी त्यांनी दागिने गहाण ठेवू दिले. कोऱ्या फितीला अंधारात भोकं पाडण्याचं काम त्या शिकल्या, रसायनं कालवायला शिकल्या, कंपनीच्या माणसांना रांधून वाढलं. अंधारात भोकं पाडायची म्हणजे बोटांनीच बघायचं. हीसुद्धा सजगताच, फक्त तिचं शिबिर कुणी भरवलं नाही. पुढे ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच गेले.

त्यांचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. वर त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी, सुरुवातीची दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात भिक्खू तिथे मुक्कामाला असत. त्यांच्या पालीत सजगतेला 'सति' म्हणतात, म्हणजे आपली 'स्मृती'. ऱ्हिस डेव्हिड्स या पंडितानं १८८१ मध्ये तिचं भाषांतर माइंडफुलनेस असं केलं, आणि आपलाच शब्द कोट-टाय घालून नातीच्या ऑफिसात पोचला! आपल्या इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६ पासून सत्यनारायण गोयंकांच्या पद्धतीची विपश्यना शिबिरं भरतात. तिथे आरंभ श्वासापासून. श्वास बदलायचा नाही, नुसता बघायचा. तो क्षणोक्षणी वेगळा, म्हणून बघायचंही क्षणोक्षणी. वाटाणा तासातासाला वेगळा, म्हणून फाळक्यांनी बघायचं तासातासाला. हिशेब तोच.

हे सगळं इतकं मनाला का लागलं, ते आता सांगते.

गेल्या वर्षी मुलगा दीड वर्षानं परदेशातून आला. पहिल्याच सकाळी त्यानं विचारलं, "आई, बाबांचा हात कधीपासून थरथरतो?" मला उत्तर देता येईना. अहो, रोज समोरासमोर चहा पिणारी मी, आणि मला पत्ता नाही! रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. दीड वर्षानं येणाऱ्याला बदल दिसतो, पण तो कसा झाला ते दिसत नाही. निदान कंपवाताचं झालं. मग मी फाळक्यांचाच वसा घेतला. यांना रोज सकाळी नऊला वहीत एक सही करायला लावायची. कंपवातात अक्षर बारीक होत जातं, तेव्हा सही बघून कळेल, असा माझा हिशेब. रोज एक चित्र!

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, "दिवसात त्रास कधी वाढतो? गोळीच्या आधी की नंतर?" वहीत पावणेदोनशे सह्या, पण उत्तर नाही. सगळ्या सकाळी नऊच्या!

नातीचा तो भागाकार ऐकला तेव्हा म्हणूनच काळजात धस्स झालं. तिला सगळं सांगितलं. शनिवार-रविवार जोडून ती चार दिवस आली. आधी मोबाईलवर काहीतरी करून द्यायचा बेत होता. पण पहिले दोन दिवस ती काहीच न करता नुसती आजोबांजवळ बसून राहिली. थरथरतं बोट पडद्यावर एकाऐवजी दोनदा टेकतं, मग हे चिडतात आणि चिडले की हात आणखी थरथरतो, हे तिनं पाहिलं. मोबाईल बाजूला ठेवला आणि माझीच वही घेतली. रोजच्या पानावर तीन सारखे मोठे चौकोन आखले. गोळीच्या आधी, गोळीनंतर तासानं, आणि पुढच्या गोळीच्या आधी. बस, एवढंच तिचं डिझाइन.

पंधरा दिवसांत दिसायला लागलं. मधली सही ऐसपैस, तिसरी मुंगीसारखी. ती पानं बघून डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या. आजार काही गेला नाही आणि जाणारही नाही. पण दुपारचा चहाचा कप हे आता स्वतःच्या हातानं धरतात. मी समोर बसून बघते. हल्ली खरंच बघते.

आठवीच्या वर्गाला मी इतकी वर्षं चुकीचा हिशेब दिला. त्यातलं कुणी हे वाचत असेल तर एक दुरुस्ती करून घ्या, बाळांनो. रोज थोडं थोडं पुरतं असं नाही. जे बदलतंय ते ज्या वेगानं बदलतंय, तितक्या वेळा त्याच्यापाशी जाऊन बसावं लागतं.

असो. साडेतीन वाजत आले. तिसऱ्या सहीची वेळ झाली.