राखणीचे श्वान

कुंभकोणमजवळ पळैयारै नावाचे गाव आहे. आज तेथे भाताची शेते आणि काही प्राचीन देवळे दिसतात. परंतु एके काळी येथे चोळ राजांचा निवास होता. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावरच्या भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर बसला आणि कावेरीचा हा काठ मराठी माणसाला परका राहिला नाही. अशा सुपीक मुलखात खळ्यावरचे धान्य, गोठ्यातली गुरे आणि वस्तीपासून दूर असलेले घर यांची राखण कशी करावी, ही गृहस्थाची जुनी विवंचना. तिचे एक उत्तर म्हणजे कुत्रा. पण कोणता कुत्रा निवडावा आणि तो कसा आवरावा, याविषयी पूर्वजांनी केलेला विचार आपल्या वाचनात क्वचितच येतो.

इ.स. ९४९ च्या सुमारास चोळांना मोठा तडाखा बसला. तक्कोलमच्या रणांगणावर राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या सैन्याशी लढताना राजपुत्र राजादित्य हत्तीवर बसलेला असतानाच मारला गेला. त्याला मारणारा गंग राजा बुटुग हा कृष्णाचा मांडलिक. हा प्रसंग ज्या लेखात कोरला आहे, तो वस्तुतः एका कुत्र्याचा स्मारकलेख आहे! बुटुगाच्या पदरी मणलर नावाचा वीर होता. पराक्रमाचे बक्षीस म्हणून त्याने 'काळि' नावाचे शिकारी श्वान मागून घेतले. पुढे हे श्वान एका रानडुकराशी झुंजले आणि दोघेही मेले. मणलराने मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे त्याची शिळा उभारली आणि तिच्या पूजेची व्यवस्था लावून दिली. ती शिळा पुढे बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात नेण्यात आली.

याहून तीन शतके जुना एक वीरगळ तमिळनाडूतील तिरुवण्णामलै जिल्ह्यात एडुत्तनूर येथे आहे. तो पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मा याच्या काळातला, म्हणजे सातव्या शतकाच्या पूर्वार्धातला. गुरांसाठी झालेल्या झुंजीत एक वीर पडला. त्याचा कुत्रा कोविवन याने दोन चोरांना चावा घेतला आणि तो राखण करीत तेथेच उभा राहिला. शिळेवर धन्याच्या शेजारी कोविवनाचीही आकृती आहे. रायगडावरच्या वाघ्याची कथा आपल्याला प्रिय आहे, पण तिला समकालीन आधार सापडत नाही. कोविवनाचे नाव मात्र त्याच्याच काळाने दगडात कोरून ठेवले आहे.

या दोन शिळांतील भेद मला महत्त्वाचा वाटतो. काळि सावजावर धावून जाणारे, कोविवन धन्याच्या पश्चातही जागा न सोडणारा. मळ्याच्या राखणीसाठी कुत्रा निवडताना याच भेदाची गफलत होते. घोरपड्यांच्या आश्रयाने नावारूपास आलेला मुधोळचा कुत्रा किंवा दक्षिणेतला चिप्पिपारै हे मूळचे शिकारी. नजरेच्या टप्प्यात ससा आला की ते कुंपण ओलांडून कोसभर जातील, आणि मग मळा राखणार कोण? धनगराचा कुत्रा दिसायला ओबडधोबड, पण रात्रभर कळपाभोवती फिरेल. राखणीसाठी मी तोच पसंत करीन.

वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त श्वानलक्षणांसाठी स्वतंत्र अध्याय खर्ची घातला. पुढच्या उजव्या पायाला सहा नखे आणि इतर तिन्ही पायांना पाच-पाच, ओठ व नाकाचा शेंडा तांबूस, चाल सिंहाची, जमीन हुंगत जाण्याची खोड, कान लांब व मऊ. असा कुत्रा पोशिंद्याच्या घरी लक्ष्मी आणतो, असे तो सांगतो. नखांचे गणित आज कोणी मानणार नाही. मात्र जमीन हुंगत जाणारा कुत्रा राखणीला उपयोगी, हे निरीक्षण खरे आहे. रूपाला भुलण्याचा धोका मात्र मोठा. तमिळनाडूतील राजपाळैयम कुत्रा शुभ्र रंगासाठी आणि गुलाबी नाकासाठी नावाजला जातो. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. पण अंतर्कर्णात रंगपेशी नसल्या की श्रवणशक्ती जाते, आणि या जातीची काही पांढरी पिल्ले जन्मतःच बहिरी निघतात. पिल्लू पाहताना त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून ते वळते का, एवढे तरी पाहावे.

राहिला प्रश्न कुत्र्याला आवरण्याचा. दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा चिडखोर होतो, मोकाट सोडला तर वाटसरूंना उपद्रव. दिवसा प्रशस्त आवार व बंद फाटक आणि रात्री कुंपणाच्या आत मोकळीक, हाच व्यवहार्य मार्ग. धर्मशास्त्राने या बाबतीत धन्याला सोडलेले नाही. याज्ञवल्क्य म्हणतो की दाढा किंवा शिंगे असलेल्या जनावराने कोणाला धरले आणि समर्थ असूनही धन्याने त्याला सोडवले नाही, तर धन्यास प्रथम साहसदंड, म्हणजे याज्ञवल्क्याच्याच हिशेबाने २७० पण. त्या माणसाने आरडाओरडा करूनही धनी हलला नाही, तर दंड दुप्पट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हाच दंडक आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'मिताक्षरा' टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. वारसा आणि वाटणीच्या बाबतीत पुढे ती कावेरीकाठी आणि महाराष्ट्रातही प्रमाण मानली गेली.

१८६० च्या दंडसंहितेत २८९ वे कलम याच विषयाचे होते: जनावर आवरण्यात हयगय केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम त्याच्या जागी आले. कैदेची मुदत तीच राहिली. दंडाची मर्यादा पाच हजार झाली.