रिमच्या रेषेखाली

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या शेव्हरोलेट गाड्यांच्या डिकीत वाळूची पोती भरून, अगर स्प्रिंगांची वेटोळी कापून, त्या भुईसरपट आणण्याचा जो शिरस्ता पाडला, त्यास केवळ शौक म्हणून बाजूस सारता येत नाही. हॉटरॉडवाल्यांना वाऱ्यासारखे धावायचे होते, यांना मात्र व्हिटियर बुलेव्हार्डवरून मिरवणुकीच्या गतीने जायचे होते, आणि लोकांनी पाहावे म्हणूनच जायचे होते.

अशा गाडीचा पुढचा बंपर हा तिचा अलंकार, तसाच तिचा शत्रूही. कारण चाकाच्या पुढे निघालेला तो भाग उताराच्या तोंडाशी सर्वांआधी भुईस टेकतो. त्या काळच्या कारागिरांना 1937 च्या डिसोटोचा पन्हळी बंपर विशेष प्रिय होता. परंतु परक्या गाडीचा बंपर म्हणजे मागून आणलेला अंगरखा: चासीवरचे मूळ ब्रॅकेट उतरवावे, नवे घडवून वेल्ड करावे, टोके मडगार्डच्या वळणाशी जुळवावी, आणि मगच क्रोमचा मुलामा चढवावा. दोन्ही बाजूंची फट सारखी राखणे हीच, माझ्या मते, या विद्येची खरी कसोटी. झगझगीत क्रोम काय, कोणीही चढवील.

1958 साली कॅलिफोर्नियाच्या सरकारने कायदा केला, की फेरफार केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेहून खाली असता कामा नये. अंमलदारास दंडाचे निमित्त मिळाले आणि बंपरची खालची कड हा सरकारी मोजणीचा विषय झाला. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे या कारागिराने आपल्या कॉर्व्हेट गाडीला हायड्रॉलिक पंप बसवून अशी तजवीज केली, की कळ दाबताच गाडी कायदेशीर उंचीस यावी आणि पुन्हा कळ फिरवताच खाली बसावी. गाडीने उंच राहावे म्हणून काढलेल्या फर्मानाने तिला उठबस मात्र शिकविली! 1973 च्या मॉडेलपासून ताशी 5 मैलांचा धक्का सोसणारे पुढचे बंपर अमेरिकेच्या केंद्र सरकारने सक्तीचे केले. ते मजबूत असतील, सुंदर खचित नव्हते.

रिमच्या रेषेचे ते कलम कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2024 पासून रद्द झाले.