बांधावरची माणसं : १९२७ चा मिसिसिपीचा महापूर

पुरात माणसाचा खरा स्वभाव कळतो, असं आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे. कुणी परक्याला घरात घेतो, कुणी दुधाची पिशवी तिप्पट भावानं विकतो, आणि मग आपण म्हणतो, बघा, हा देवमाणूस, तो नीच. आजच्या व्याख्यानात हे वाक्य जरा तपासून बघू. त्यासाठी आपल्याला लांब जावं लागेल, अमेरिकेत, १९२७ सालच्या मिसिसिपी नदीच्या पुरात. इतकं लांब का? तर या पुराची कागदपत्रं फार मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहेत. कोणत्या बैठकीत काय ठरलं आणि कुणी कुणाला काय सांगितलं, हे बऱ्याच अंशी आज वाचायला मिळतं.

आधी भूगोल समजून घेऊ, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मिसिसिपीच्या दोन्ही काठांनी शेकडो मैल मातीचे उंच बांध घातलेले होते. आपण धरण म्हणतो ते नदीला आडवं असतं. हे बांध काठाकाठानं जाणारे. पाणी वाढलं तरी बांधाच्या आत राहायचं आणि बाहेर कापसाची शेतं. लष्कराच्या इंजिनियरांनी वर्षानुवर्षं एकच धोरण धरलं होतं : बांध उंच करत राहायचं, पाण्याला दुसरी वाट ठेवायची नाही. १९२६ च्या अहवालात तर आता बांध पूर थोपवायला सज्ज आहेत, असंच त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टपासून पाऊस सुरू झाला आणि तो थांबेचना.

आता यातली मेख बघा. समोरच्या काठाचा बांध फुटला की तिकडं पाणी जातं, नदीची पातळी उतरते आणि आपला बांध वाचतो. शेजाऱ्याचं बुडणं हीच आपली सुटका. त्यामुळं १९२७ च्या वसंतात दोन्ही काठांवर रात्रंदिवस बंदूकधारी पहारे होते. नदीवर लक्ष ठेवायला तर होतेच, पण पलीकडून कुणी होडीतून येऊन सुरुंग लावील म्हणूनही होते. ही सगळी माणसं जन्मजात दुष्ट होती का? एरवी ती एकमेकांच्या लग्नाकार्याला जात असतील. पण व्यवस्थाच अशी बांधली होती की शेजारी शत्रू झाला.

हाच हिशोब न्यू ऑर्लिन्स शहरानं केला, मात्र राजरोसपणे आणि सहीशिक्क्यानिशी. १५ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, शहरात जवळजवळ १५ इंच पाऊस पडला. पाणी उपसणारे पंप बंद पडले आणि रस्त्यारस्त्यांत पाणी साचलं. हे पाणी नदीचं नव्हतं, पण शहराचा धीर सुटला. तिथल्या बँकवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी ठरवलं की शहराच्या खालच्या अंगाला कार्नारव्हन इथं बांध सुरुंगानं उडवायचा. म्हणजे पाणी सेंट बर्नार्ड आणि प्लाक्वेमिन्स या दोन परगण्यांत शिरेल आणि शहराला धोका उरणार नाही. तिथं राहत कोण होतं? मासेमारी करणारे आणि दलदलीत मस्करॅट नावाचा पाणउंदीर पकडून त्याची कातडी विकणारे लोक. दहा हजारांच्या आसपास वस्ती. शहरातल्या प्रतिष्ठितांनी लेखी हमी दिली की सगळी नुकसानभरपाई देऊ. गव्हर्नरनं परवानगी दिली. लोकांना घरं सोडायला जेमतेम तीन दिवस मिळाले आणि २९ एप्रिलला स्फोट सुरू झाले. ते दहा दिवस चालले, ३९ टन डायनामाइट लागलं. तो पाहायला शहरातून निमंत्रित पाहुणे आले होते.

आणि त्याची गरजच नव्हती! वरच्या बाजूला बांध आधीच ठिकठिकाणी फुटत होते, लवकरच आणखी फुटले आणि पाणी आपोआप दुसरीकडं वळलं. भरपाईचं म्हणाल तर दावे करोडो डॉलरचे होते आणि हातात पडलं ते किरकोळ. अनेकांना काहीच मिळालं नाही. एका तिप्पट भावाच्या दूधवाल्याला आपण किती शिव्या घालतो! इथं एका शहरानं दोन परगणे बुडवले आणि कुणी कुणावर आवाजसुद्धा चढवला नाही.

आता वरच्या बाजूला, मिसिसिपी राज्यातल्या डेल्टाकडं जाऊ. इथं मैलोनमैल कापसाचे मळे. जमीन गोऱ्या मळेवाल्यांची, कसणारे कृष्णवर्णीय बटाईदार. मळेवाल्याच्याच दुकानातून उधारी, हिशोबाची वही त्याच्याच हातात. २१ एप्रिलच्या सकाळी ग्रीनव्हिल गावाच्या वर माउंड्स लँडिंगचा बांध फुटला. तिथं बांधावर वाळूची पोती टाकायला शेकडो कृष्णवर्णीय मजूर आणले होते, अनेकांना बंदुकीच्या धाकानं. बांध गेला तेव्हा त्यांतले किती वाहून गेले याचा नक्की आकडा कधीच लागला नाही. भगदाड रुंदावत पाऊण मैलाच्या जवळ गेलं. एकूण पुरानं सत्तर हजार चौरस किलोमीटर मुलूख व्यापला. पाव महाराष्ट्रापेक्षा थोडासाच कमी.

पहिल्या काही दिवसांत माणसं छपरांवर आणि झाडांवर बसून होती. त्यांना काढायला सगळ्यांत आधी कोण आलं? दारूचे चोरटे व्यापारी. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. डेल्टाच्या खाड्याओढ्यांतून चोरटी दारू वाहायला या मंडळींकडं वेगवान मोटारबोटी होत्या आणि अंधारातही त्यांना पाण्याच्या वाटा पाठ होत्या. ज्यांच्या मागं कालपर्यंत पोलीस होते, तेच आज न थकता माणसं उतरवून आणत होते. यात काही चमत्कार आहे असं आम्हांला वाटत नाही. बोट होती, वाट माहीत होती आणि समोर माणूस ओरडत होता. त्या घटकेला बहुतेक माणसं हात पुढं करतात, हे जगभरच्या पुरांत दिसलं आहे. प्रश्न त्यानंतरच्या आठवड्यात सुरू होतो. पाणी स्थिरावतं, समित्या बसतात, याद्या तयार होतात, तेव्हा.

ग्रीनव्हिलमध्ये नेमकं हेच झालं. सुमारे १३ हजार माणसं, बहुतेक सगळी कृष्णवर्णीय, बांधाच्या अरुंद माथ्यावर अडकली होती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला बुडालेलं गाव. मदत समितीचा अध्यक्ष होता विल्यम अलेक्झांडर पर्सी. कवी, वकील, पहिल्या महायुद्धात लढून आलेला. त्याचे वडील लीरॉय पर्सी हे माजी सिनेटर, मोठे मळेवाले आणि डेल्टातले सर्वांत वजनदार गृहस्थ. १९२२ साली कू क्लक्स क्लॅननं ग्रीनव्हिलमध्ये पाय रोवायचा प्रयत्न केला, तेव्हा भर सभेत उभं राहून विरोध केला तो याच लीरॉयनं. ते धाडसाचं काम होतं, यात शंका नाही. पण क्लॅनच्या दहशतीनं आपले मजूर पळून जातील, ही चिंताही त्या विरोधात होतीच.

विलनं ठरवलं की बांधावरच्या सगळ्यांना बोटीनं सुरक्षित गावी हलवायचं. समितीनं होकार दिला. मोठ्या बोटी येऊन लागल्यासुद्धा. मळेवाले खवळले. मजूर एकदा इथून गेले की परत येणार नाहीत, त्यांना शिकागोची वाट सापडेल आणि मग कापूस कोण वेचणार? विल बधला नाही. तेव्हा वडिलांनी त्याला शांतपणे एवढंच सुचवलं, की निर्णय मोठा आहे, समितीला पुन्हा एकदा विचार. त्यानं विचारलं, आणि कालपर्यंत हो म्हणणाऱ्या एकूणएक सदस्यांनी नाही म्हटलं! बोटी मोजक्या गोऱ्या प्रवाशांना घेऊन जवळजवळ रिकाम्या निघून गेल्या.

मग बांधावर जे उभं राहिलं त्याला कागदोपत्री मदत छावणी म्हणत. मैलोनमैल तंबू, भोवती नॅशनल गार्डचे शिपाई, परवानगीच्या चिठ्ठीशिवाय बाहेर पडायला बंदी. माणसांच्या अंगावर चिठ्ठ्या अडकवलेल्या. रेडक्रॉसचं धान्य बोटींतून यायचं, ते उतरवायचं काम याच लोकांचं. धडधाकट पुरुषानं काम केलं नाही तर त्याला शिधा नाही, असा नियम होता. देशभरच्या लोकांनी विश्वासानं दिलेली ती मदत. निःस्वार्थपणे दिलेलं दान मजूर डांबून ठेवायचं साधन झालं. ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रानं हे सगळं छापलं, आयडा बी. वेल्स यांनी त्यात लिहिलं, म्हणून बाहेर कळलं तरी.

जुलैमध्ये एका पोलिसानं एका कृष्णवर्णीय माणसाला घरी जाऊन गोळी घातली. त्याचा गुन्हा काय? रात्रभर काम करून तो आला होता आणि लगेच पुन्हा कामावर यायला नाही म्हणाला. गावात तणाव वाढला. विल पर्सी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बोलायला गेला. तिथं त्यानं मारणाऱ्याऐवजी समोर बसलेल्यांनाच सुनावलं, की तुम्ही आळस केलात, हे रक्त तुमच्या हातांवर आहे. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी याच लोकांना वाचवायला निघालेला हा माणूस! उन्हाळा संपताना त्यानं पदाचा राजीनामा दिला आणि तो जपानच्या सफरीवर निघून गेला.

त्याला आपण कोणत्या रकान्यात घालणार? आम्हांला तरी तो ढोंगी वाटत नाही. सुरुवातीची त्याची कळकळ खरी होती. पण ती टिकवायची तर वडील, घराणं, सगळा गोतावळा यांच्याशी वैर घ्यावं लागलं असतं, आणि ते काही त्याच्यानं झालं नाही.

हर्बर्ट हूवर यांच्याविषयी थोडक्यात सांगून पुढं जाऊ. ते तेव्हा वाणिज्यमंत्री होते आणि सगळ्या मदतकार्याचे प्रमुख. माणूस कमालीचा कार्यक्षम. १५० हून जास्त छावण्या चालवल्या. छावण्यांबद्दल बोभाटा झाला तेव्हा त्यांनी टस्कीगीचे प्राचार्य रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीसाठी कृष्णवर्णीयांची समिती नेमली. समितीनं जे पाहिलं ते बाहेर फार बोभाटा न होऊ देता सांगितलं, कारण पुढं भूमिहीनांना जमिनी मिळतील अशी आशा हूवर यांनी दाखवली होती. १९२८ मध्ये हूवर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. जमिनी काही मिळाल्या नाहीत आणि १९३२ च्या निवडणुकीत मोटन यांनी त्यांची साथ सोडली.

लीरॉय पर्सी १९२९ मध्ये वारले. विलनं १९४१ मध्ये ‘लँटर्न्स ऑन द लेव्ही’ नावाचं आत्मचरित्र लिहिलं. त्यात तो सांगतो, की समितीचे सदस्य एका रात्रीत का फिरले हे त्याला वडिलांच्या मृत्यूनंतर कळलं. बैठकीच्या आधी वडिलांनी एकेका सदस्याला स्वतः गाठून आपल्या बाजूला वळवलं होतं. यावर विल चिडत नाही. तो लिहितो, त्याचा मथितार्थ असा, की मजूर पांगणं हे डेल्टासाठी पुरापेक्षाही लांबचं संकट आहे, हे वडिलांना ठाऊक होतं. पाणी ओसरल्यावर बांधावरून सुटलेले कितीतरी लोक बोचकी बांधून उत्तरेच्या गाडीत बसले, आणि पुढची कित्येक वर्षं डेल्टातून शिकागोकडं जाणाऱ्यांची रीघ चालूच राहिली.