सिंगल टेबल इनहेरिटन्स (पीएचपी, ॲक्टिव्ह रेकॉर्ड)

एका मूळ क्लासच्या सगळ्या उपक्लासांच्या नोंदी डेटाबेसच्या एकाच टेबलात ठेवण्याची पद्धत. ओळ कोणत्या क्लासची, हे त्याच टेबलातला एक कॉलम सांगतो. मार्टिन फाउलर यांच्या २००२ सालच्या ‘पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइझ ॲप्लिकेशन आर्किटेक्चर’ या पुस्तकात ती नोंदली आहे. टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे एक ऑब्जेक्ट आणि तो साठवण्याचे कामही त्याच्याकडेच, हा ॲक्टिव्ह रेकॉर्ड पॅटर्नही याच पुस्तकात आहे. रुबी ऑन रेल्समध्ये सिंगल टेबल इनहेरिटन्सची सोय तयार मिळते. पीएचपीच्या यी २ मध्ये किंवा लाराव्हेलच्या इलोक्वंटमध्ये ती स्वतः बांधावी लागते.

समजा, एखाद्या मासिकाच्या संकेतस्थळावर ‘मजकूर’ हा मूळ क्लास आहे आणि ‘लेख’, ‘मुलाखत’, ‘परीक्षण’ हे त्याचे उपक्लास. शीर्षक, लेखक, तारीख हे कॉलम तिघांनाही लागतात. पुस्तकाची किंमत फक्त परीक्षणाला. यी २ मध्ये आधी मूळ क्लासात टेबलनेम मेथड लिहून टेबलाचे नाव पक्के करावे, नाहीतर प्रत्येक उपक्लास आपल्या नावाचे टेबल शोधत बसतो. मग इन्स्टँशिएट ही स्टॅटिक मेथड नव्याने लिहायची: ओळीतला प्रकार पाहून ती योग्य उपक्लासचा ऑब्जेक्ट परत करते. उपक्लासच्या फाइंडमध्ये प्रकाराची अट घालायची आणि बिफोरसेव्हमध्ये प्रकार भरायचा. स्टॅटिक मेथड कोणत्या उपक्लासवर बोलावली, हे ओळखणारे लेट स्टॅटिक बाइंडिंग पीएचपी ५.३ मध्ये, २००९ साली आले. हा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

वाचन एवढ्यावर बिनबोभाट चालते. खरा धोका घाऊक कामांत आहे. यी २ मधल्या अपडेटऑल आणि डिलीटऑल या मेथड फाइंडकडे जातच नाहीत. त्या थेट टेबलावर चालतात. त्यामुळे परीक्षण क्लासवर अट न देता डिलीटऑल चालवले, तर परीक्षणांबरोबर लेख आणि मुलाखतीही पुसल्या जातात, आणि वाटेत कोणी अडवत नाही. कोड वाचणाऱ्याला ती ओळ निरुपद्रवी वाटते, हे अधिक घातक. म्हणून या दोन्ही मेथड उपक्लासात नव्याने लिहून त्यांतही प्रकाराची अट घालणे मी अनिवार्य मानतो. क्वेरीत मोजकेच कॉलम निवडताना प्रकाराचा कॉलम गाळला, तरी घोळ होतो: ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा करायचा, हे इन्स्टँशिएटला कळत नाही.

प्रकाराच्या कॉलमात क्लासचे पूर्ण नाव साठवू नये. पुढे नेमस्पेस बदलली की जुन्या ओळी अनाथ होतात. ‘लेख’, ‘परीक्षण’ असे छोटे, कायमचे संकेत पुरेसे आहेत.

एका उपक्लासपुरत्या कॉलमवर नॉट नल लावता येत नाही, कारण इतरांच्या ओळींत तो रिकामाच राहणार. ‘प्रकार परीक्षण असेल तर किंमत हवीच’ असा नियम चेक कन्स्ट्रेंटने घालता येतो. मायएसक्यूएल हे कन्स्ट्रेंट ८.०.१६ या आवृत्तीपासून खरोखर पाळते. प्रकाराच्या कॉलमवर, शक्यतो तारखेसह, इंडेक्स असावा.

उपक्लासांचे बहुतेक कॉलम सामाईक असतील आणि यादी सगळ्यांची एकत्र दाखवायची असेल, तिथे ही पद्धत उत्तम. जॉइन लागत नाही. प्रत्येक नव्या प्रकाराबरोबर पाच-सहा स्वतंत्र कॉलम वाढू लागले, तर मात्र मूळ क्लाससह प्रत्येक क्लासचे वेगळे टेबल ठेवणारी क्लास टेबल इनहेरिटन्स पद्धत घ्यावी.