प्राध्यापकाच्या पिशवीतला संगणक

अमेरिकेतील विद्यापीठीय अध्यापकांच्या हाती लॅपटॉप कसा आला, या इतिहासाचे एक ठळक पान मिनेसोटा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, गहू आणि शुगरबीट पिकवणाऱ्या क्रूकस्टन या लहानशा गावात सापडते.

फिरता संगणक तोवर नवा राहिला नव्हता. १९८१ साली ‘ऑसबर्न १’ बाजारात आला : वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंची, किंमत १,७९५ डॉलर. (त्याचा कर्ता ॲडम ऑसबर्न याच्या बालपणातील काही वर्षे तमिळनाडूत तिरुवन्नामलईला गेली, हे अवांतर, पण नोंदवावे असे.) मात्र असे यंत्र घ्यायचे तर प्राध्यापकाने ते स्वतःच्या हौसेने आणि बहुधा स्वतःच्या पैशाने घ्यायचे. विभागातला संगणक टेबलाला बांधलेला, तर अध्यापकाचे काम घर, ग्रंथालय आणि वर्ग यांत विखुरलेले. ही विसंगती दशकभर तशीच राहिली.

मिनेसोटा विद्यापीठाची क्रूकस्टन येथील शाखा मुळात शेतीशाळा. पुढे ती दोन वर्षांचे तंत्रशिक्षण देणारे महाविद्यालय झाली. १९९३ साली तिने चार वर्षांची पदवी सुरू केली आणि त्याच वर्षी प्रत्येक पूर्णवेळ विद्यार्थ्याला व प्रत्येक अध्यापकाला लॅपटॉप दिला. नामांकित विद्यापीठांशी स्पर्धा करायची तर वेगळेपण हवे, हा हिशेब त्यामागे असावा. मात्र त्याचा परिणाम हिशेबाबाहेरचा होता. समोरच्या प्रत्येक बाकावर यंत्र आले की ‘मला त्याची गरज नाही’ असे म्हणण्याची सोय अध्यापकाला उरत नाही.

नॉर्थ कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठाने १९९६ साली हाच प्रयोग पुरेशा पैशानिशी केला. नव्या विद्यार्थ्यांना आयबीएमचे थिंकपॅड मिळाले, अध्यापकांनाही तेच. खरी दूरदृष्टी मात्र यंत्रांच्या खरेदीत नव्हती. विभागांमध्ये संगणकसाहाय्यासाठी जाणकार नेमले गेले आणि निवडक विद्यार्थ्यांना अध्यापकांचे तांत्रिक मदतनीस केले गेले. पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाने एकोणीस वर्षांच्या मुलाकडून धडे घ्यायचे, ही गोष्ट भारतीय गुरुपरंपरेतच अवघड वाटते असे नाही. तिथेही ती सोपी नसणार.

मग अध्यापन बदलले का? स्टॅनफर्डचे शिक्षण-इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी २००१ मधील आपल्या पुस्तकात सिलिकॉन व्हॅलीतील शाळांबरोबर स्वतःच्या विद्यापीठाचीही झडती घेतली. त्यांचा निष्कर्ष बोचरा होता. प्राध्यापक संशोधन, लेखन, पत्रव्यवहार आणि तासाची तयारी यांसाठी संगणक मनापासून वापरत होते. वर्गात मात्र व्याख्यान बहुतांशी पूर्वीसारखेच चालू होते. म्हणजे लॅपटॉपने प्राध्यापकाची अभ्यासिका जिंकली, फळा नाही. फळ्यापर्यंत तो पोचला तो प्रोजेक्टरच्या आधाराने, आणि तेव्हाही बहुधा जुन्या पारदर्शिकांची जागा घेण्यापुरता.

प्राध्यापक आपल्या यंत्राला सरावले, पण विद्यार्थ्यांच्या यंत्राला नव्हे, हेही लवकरच दिसले. जॉर्जटाउन विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड कोल यांनी आपल्या वर्गात लॅपटॉपला बंदी केली आणि २००७ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये तिचे समर्थन केले. त्यांचे म्हणणे असे की टंकन करणारा विद्यार्थी ऐकत नाही, उतरवून घेतो. सहा आठवड्यांनी त्यांनी निनावी मत मागवले, तेव्हा सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांनी यंत्राविना चर्चेत अधिक लक्ष लागते असे कळवले. बंदीत एक पळवाट तेवढी ठेवली होती : दोन स्वयंसेवकांनी लॅपटॉपवर टिपणे घ्यायची आणि ती साऱ्या वर्गाला द्यायची.